स्वतःचा धंदा असणाऱ्यांनी साठीनंतरची सोय कशी लावायची? सोलापूरकरांनो, सांगा

गणवेशवाला · सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. वय ४३. भवानी पेठेत शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे. ११ मशीन, एक कटिंग मास्तर, बाकी कारागीर नगावर. माल कर्नाटक-तेलंगणातल्या व्यापाऱ्यांना आणि आपल्याकडच्या काही शाळांना जातो. फेब्रुवारी ते जून जेवायला फुरसत नसते, पैसे जून ते ऑगस्टमध्ये रखडत रखडत येतात, आणि दिवाळीनंतर निम्म्या मशीनवर कापड टाकून ठेवायची वेळ येते. वर्षाकाठी घरात सात-आठ लाख राहतात, पण कुठल्या महिन्यात किती ते विचारू नका.

मेहुणे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले, म्हणजे जुनी पेन्शन पक्की. आमच्याकडे काय आहे ते लिहितो: एलआयसीच्या दोन पॉलिसी (वर्षाला ४८ हजार हप्ता), एका पतसंस्थेत ४ लाखांची ठेव, महिन्याला १० हजारांची भिशी, बाळे भागात दीड गुंठा जागा, आणि धंद्यातला माल. घर स्वतःचं. मशीनचं थोडं कर्ज राहिलंय. घरखर्च ३५ हजार. मुलगी दहावीत, मुलगा सातवीत.

नेटवरचे सगळे सल्ले 'पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी' इथून सुरू होतात. आपल्याला पगारच नाही. ज्यांनी स्वतःचा धंदा करत हे जमवलंय त्यांनी सांगा.

दूरचा_सोलापूरकर · सोमवार, रात्री ११:३२

सोपं आहे. दरमहा २५ हजारांची एसआयपी (खात्यातून आपोआप जाणारा हप्ता) लावा इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणारा फंड), दरवर्षी १० टक्के वाढवा, १७ वर्षं बघू नका. बाकी पॉलिसी, प्लॉट, भिशी सगळं बंद.

बे_सोलापूरकर · सोमवार, रात्री ११:४१

पुण्यात बसून काय बोलालास बे. डिसेंबरात त्यांच्या खात्यात २५ हजार असतील तर कारागिराच्या मजुरीचा बटवडा करतील की तुझी एसआयपी भरतील? हप्ता परत गेला की बँक वरनं दंड लावती ते वेगळंच.

माझं मत: भिशी चालू ठेवा. भिशीनं सोलापूर चाललंय. आमच्या वडिलांनी दोन माग भिशीवर घेतले.

चाटी_गल्ली · मंगळवार, सकाळी ७:०५

भिशीवर माग घेतले हे अगदी खरं असणार. पण तो माग घेण्याचा मार्ग आहे, म्हातारपणाचा नव्हे. भिशीत जास्तीत जास्त वीस-चोवीस महिन्यांत पैसा परत हातात येतो, आणि हातात आलेला पैसा धंदेवाला धंद्यातच घालतो. बोली लावून लवकर उचलली तर वर तोटा. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक भिशा बिननोंदणीच्या. १९८२ चा चिट फंड कायदा आहे, पण गल्लीतल्या भिशीला कोण विचारतो? चालवणारा गाव सोडून गेला तर दाखवायला एक चिटोरं नसतं.

मी ६७ वर्षांचा. कापडाच्या दुकानात उभी हयात गेली. माझ्या पिढीचं ठरलेलं उत्तर होतं, 'दुकान हीच पेन्शन'. त्यात तीन गृहीतं होती: मुलगा बसेल, गिऱ्हाईक येत राहील, आणि माल म्हणजे पैसा. माझा मुलगा हैदराबादला नोकरीत आहे, सुखात आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर कापड बघतं. आणि मालाचं म्हणाल तर दुकान आवरताना मांडीवर घेऊन एकेक ठाण मोजलं. वहीत जी किंमत होती तिच्या तिसऱ्या हिश्श्यात गेलं. जागा मात्र उपयोगी पडली. भाडं येतं, त्यावर चहापाणी, लाईटबिल, औषधं निघतात. पण भाडेकरू बदलताना मधले तीन-चार महिने कोरडे जातात, तेव्हा दुसरं काही लागतंच.

गणवेशवाले, तुमच्या मालाचं तर याहून अवघड. शाळेनं चौकडा बदलला की तुमचा शिल्लक शर्ट कुणाला विकणार?

गणवेशवाला · मंगळवार, सकाळी ९:२०

काका, नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलंत. मागच्या वर्षी एका शाळेनं मरून स्कर्टचा निळा केला. ३०० नग पोत्यात पडून आहेत. वहीत ते आजही माझी 'मालमत्ता' आहेत.

पूर्वभाग_अक्का · मंगळवार, दुपारी २:४५

मी घरी नाईटी शिवते, त्याआधी कारखान्यात होते. माझी अम्मा विडी वळायची. वय ७१. तिला पीएफच्या पेन्शन योजनेतून महिन्याला हजारावर थोडे पैसे येतात. (कमीत कमी पेन्शन १००० ठरलीय ती २०१४ पासून, तेव्हापासून तिथंच आहे.) हजार रुपये म्हणजे काय, सगळ्यांना माहीत आहे. पण अम्मा त्यातलेच दोनशे नातवाच्या हातावर ठेवते आणि बाकीचे औषधाला. दर महिन्याला येतात, कुणाला मागावे लागत नाहीत.

मला नवल याचं वाटतं की ज्या गल्लीत विडी वळणाऱ्या बाईला पेन्शन आहे, त्याच गल्लीतल्या माग-मालकाला काहीच नाही. कारण तिच्या मजुरीतून फंड कापला जायचा. तिनं ठरवून काही केलं नाही, तिच्या हातात पैसा यायच्या आधीच तो कापला गेला. मालकाचा कोण कापणार?

मी ३० व्या वर्षी अटल पेन्शन घेतलं. महिन्याला ५७७ रुपये खात्यातून जातात, साठीनंतर ५००० मिळतील, माझ्यानंतर नवऱ्याला तेवढेच, आणि दोघांच्या मागे मुलांना साडेआठ लाख.

हिशेबनीस · मंगळवार, रात्री ९:५०

अक्का बरोबर बोलल्या. सात रस्त्याजवळ एका कर सल्लागारांकडे काम करतो, रोज अशीच खाती बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अटल पेन्शनचं. चांगली योजना आहे, पण वय १८ ते ४० मध्येच घेता येते आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना बंद आहे. गणवेशवाले वयानेच बाहेर. अक्का, तुम्ही सोडू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की महागाई ६ टक्के धरली तर ३० वर्षांनंतरचे ५००० म्हणजे आजचे साधारण ८७० रुपये. त्यामुळे याच्या जोडीला दुसरं काहीतरी हवंच.

आता धंदेवाल्यांचं. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा गल्ला आणि घर एकच असतं. कापडवाल्याचं देणं, पोरीची फी, गॅस, सगळं एकाच चालू खात्यातून. अशा माणसाला 'बचत किती?' विचारलं तर तो खात्यातली शिल्लक सांगतो. ती बचत नव्हे, ते पुढच्या महिन्याचं देणं आहे. आणि धंदा असा भुकेला असतो की समोर दिसेल तो पैसा खातो. सूत वाढलं, व्यापाऱ्यानं पैसे थकवले, नवी ओव्हरलॉक मशीन आली, की ठेव मोडलीच. म्हणून आपल्यासारख्यांसाठी योजनेचा पहिला गुण व्याजदर नाही. धंद्याचा हात तिथवर पोचू नये, हा पहिला गुण.

त्या मापाने पीपीएफ, म्हणजे पोस्टात-बँकेत उघडायचं सरकारी भविष्य निर्वाह निधी खातं, बघा. १५ वर्षं मुदत, वर्षाला ५०० ते दीड लाख, भरायला महिना ठरलेला नाही, जमेल तेव्हा भरा. व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, करमुक्त. दरवर्षी दीड लाख भरले तर याच दराने १५ वर्षांत ४० लाख ६८ हजारांच्या आसपास. पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती पोस्टातला एजंटही सांगत नाही: पीपीएफमधल्या पैशावर देणेकऱ्याची जप्ती येत नाही. कोर्टाचा हुकूमनामा आणला तरी नाही. (आयकर खात्याची गोष्ट निराळी.) तुम्ही प्रोप्रायटर आहात, म्हणजे कायद्यानं धंदा आणि तुम्ही एकच. धंदा बुडाला तर तुमचं घर, प्लॉट, ठेव, सगळं देण्यात जाऊ शकतं. सोलापुरात तर एकमेकांना जामीन राहायची पद्धत आहे. स्वतःचा धंदा ठणठणीत असून दुसऱ्याच्या सहीपायी पतसंस्थेच्या वसुलीत अडकलेले लोक मी बघतो. अशा माणसाकडे शेवटी शिल्लक राहते ती पीपीएफ.

तसंच टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घेताना 'एमडब्ल्यूपी कायद्याखाली' असा पर्याय फॉर्मवर असतो. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याखाली पॉलिसी घेतली तर ती रक्कम बायको-मुलांची. देणेकरी हात लावू शकत नाही. पॉलिसी घेतानाच सांगावं लागतं, मागाहून नाही.

पतसंस्थेच्या ठेवीबद्दल उद्या लिहितो, झोप आली.

बे_सोलापूरकर · मंगळवार, रात्री १०:१५

मालक, झोपायच्या आधी भिशीला चार शिव्या घालून झोपला असता तरी चाललं असतं.

होटगीरोड_दातवाला · बुधवार, सकाळी ८:१०

मी दंतवैद्य, ५१. माझं एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे, त्याबद्दल दोन शब्द.

ते फक्त सरकारी नोकरांचं, हा समज सोडा. १ मे २००९ पासून कुणालाही उघडता येतं. वर्षाला किमान १००० भरलं की खातं चालू राहतं, त्यामुळे सीझनच्या धंद्याला बरं. शेअरबाजारात किती, रोख्यांत किती, ते आपण ठरवतो. खर्च फार कमी. आणि साठीच्या आत सहजासहजी हात घालता येत नाही, म्हणजे हिशेबनीस म्हणतात तो गुण आहेच.

लोक घाबरतात ते शेवटच्या अटीला. पूर्वी साठीला ४० टक्के रकमेची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून आजन्म पेन्शन, विकत घ्यावीच लागायची. डिसेंबर २०२५ मध्ये नियम बदलला, बिगरसरकारी खातेदाराला आता २० टक्क्यांची घेतली तरी चालते. मला स्वतःला ४० ची सक्ती फार वाईट वाटत नव्हती. साठीच्या माणसाच्या हातात एकरकमी मोठी रक्कम आली की नातेवाईक, प्लॉटवाले आणि 'डबल करून देतो' वाले तिघं एकदमच दारात येतात.

दूरचा_सोलापूरकर · बुधवार, सकाळी ८:५५

पण वार्षिकीवर परतावा सहा-साडेसहा टक्के, आणि तो पण करपात्र. महागाईत वितळून जाईल. आणि धंदेवाल्याला नव्या करपद्धतीत एनपीएसची वजावट कुठे मिळते? आम्हा नोकरदारांना मालकाच्या हिश्श्याची मिळते.

हिशेबनीस · बुधवार, रात्री ९:३०

दूरचे, हे मात्र बरोबर सांगितलंत. नव्या पद्धतीत नोकरदाराला कंपनीनं भरलेल्या एनपीएसची वजावट मिळते, स्वतःचा धंदा असणाऱ्याला काही नाही. जुन्या पद्धतीत दीड लाख आणि वर ५० हजार होते. सरकारनं हा दुजाभाव का ठेवलाय, मला कळत नाही.

पण गणवेशवाल्यांसारख्या सात-आठ लाखवाल्याला २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत करच लागत नाही, तर वजावट घेऊन करायचं काय? याचा एक परिणाम मात्र मी डोळ्यांनी बघतो. आधी मार्च आला की लोक आमच्याकडे धावत यायचे, 'कर वाचवायला काहीतरी सांगा', आणि त्या घाईत का होईना पीपीएफमध्ये लाख-दीड लाख पडायचे. आता कर नाही, म्हणून मार्चची घाई नाही, म्हणून बचतही नाही. वाचलेल्या कराचा पैसा कुठे गेला हे कुणाच्याच वहीत सापडत नाही.

पतसंस्थेचं राहिलं होतं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं) विमा संरक्षण असतं. पतसंस्था ही बँक नव्हे, तिला हे लागू नाही. एक-दीड टक्का जादा व्याजासाठी म्हातारपणाचा पैसा तिथे ठेवू नका. कुठली संस्था चांगली, कुठली वाईट ते मी इथे लिहिणार नाही, विचारूही नका.

वायरमन_जुळे_सोलापूर · बुधवार, रात्री १०:०५

मी २८. वायरिंग, पंखे, इन्व्हर्टरची कामं. सगळे पैसे यूपीआयवर येतात. मी दोन खाती केलीत. धंद्याच्या खात्यात जे येईल त्यातलं १० टक्के दर रविवारी दुसऱ्या बँकेत टाकतो. त्या बँकेचं ॲप मोबाईलमध्ये ठेवलेलंच नाही, एटीएम कार्ड आईकडे. कमी आलं तर कमी जातं, पण जातंच. वर्षातून दोनदा तिथून पीपीएफ. ज्ञान वगैरे काही नाही, एवढंच करतो.

चाटी_गल्ली · गुरुवार, सकाळी ६:५०

वायरमन, तुझं वय बघून बरं वाटलं. कार्ड आईकडे ठेवलंस हे सगळ्यात झकास.

गणवेशवाला · गुरुवार, दुपारी १२:३०

सगळं वाचतोय. एक सांगा, नेमके किती लागतील? कुणी दोन कोटी म्हणतं, कुणी पाच. आकडा ऐकूनच हातपाय गळतात, मग माणूस काहीच करत नाही.

होटगीरोड_दातवाला · गुरुवार, रात्री ९:१५

मी माझ्यासाठी मांडलं तसं तुमचं मांडतो. आज घरखर्च ३५ हजार. महागाई ६ टक्के धरली तर १७ वर्षांनी तेच घर चालवायला साधारण ९४ हजार लागतील. पण तेव्हा मुलांची फी नाही, मशीनचा हप्ता नाही, घरभाडं नाही. म्हणजे ६०-६५ हजारांवर भागावं. त्यातलं थोडं कामातून येईल. आपल्या लोकांना साठीला कोणी निवृत्त करत नाही, ६५ पर्यंत निम्मं काम करायला काय हरकत?

आता दुसरी बाजू. वर्षाला १ लाख ८० हजार बाजूला काढायला सुरुवात केली, दरवर्षी ८ टक्के वाढवत नेले, आणि सरासरी १० टक्के वाढ मिळाली, तर १७ वर्षांत सव्वा कोटीच्या जवळपास जातं. १० टक्के म्हणजे त्यात इक्विटी (शेअर) धरलेली आहे, हमी नाही. नुसत्या पीपीएफवर याहून बरंच कमी होईल.

साठीनंतर त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. आजच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५००. बायकोचीही साठी झाली की तिच्या नावावर वेगळे ३० लाख ठेवता येतात. दर तेव्हा काय असेल कोण जाणे, पण ढाचा कळावा म्हणून सांगितलं.

पूर्वभाग_अक्का · गुरुवार, रात्री ९:४०

बायकोच्या नावावर, हे दातवाल्यांनी शेवटी जाता जाता लिहिलं. ते आधी यायला पाहिजे होतं. गणवेशवाले दादा, वहिनी तुमच्याकडे काम करतात ना? गणवेशाच्या युनिटमध्ये घरची बाई काजं-बटणं बघते, कारागिरांचा हिशेब लिहिते, पार्सल शिवते. तिचा पगार कुठल्या वहीत आहे? तिच्या नावावर काय आहे? बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, आमच्या गल्लीत बघा, किती अम्मा एकट्या आहेत.

गणवेशवाला · गुरुवार, रात्री १०:२०

अक्का, कारागिरांचा हिशेब तीच लिहिते, आणि माझ्यापेक्षा चोख. तिच्या नावावर एक सेव्हिंग खातं आणि सोनं. एवढंच.

हिशेबनीस · गुरुवार, रात्री ११:००

तुम्ही आयकराच्या कलम ४४एडी खाली, म्हणजे उलाढालीवर अंदाजे नफा धरून, रिटर्न भरत असणार, त्यात बायकोचा पगार वेगळा खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण ती अडचण नाही. तिच्या नावावर स्वतंत्र पीपीएफ काढा. तिची दीड लाखाची मर्यादा तुमच्यापेक्षा वेगळी. तुम्ही दिलेल्या पैशावरचं व्याज कायद्यानं तुमच्या उत्पन्नात धरलं जातं खरं, पण पीपीएफचं व्याज करमुक्तच असल्यामुळे काही फरक पडत नाही. एनपीएसही तिच्या नावे काढता येतं.

तुमच्या बाबतीत मी काय करेन ते लिहितो, पटलं तर बघा.

आधी ऑफ-सीझनचे पैसे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घर आणि बटवडा चालेल एवढी रक्कम बँकेत वेगळी हवी. हे नसेल तर बाकी सगळं फोल आहे, कारण पैसा पीपीएफमध्ये अडकवून तुम्ही डिसेंबरात बाजारातून दोन टक्के महिन्याने उचलाल. दोन टक्के महिना म्हणजे वर्षाला २४. कुठली गुंतवणूक २४ देणार आहे? पतसंस्थेची ४ लाखांची ठेव मुदत संपली की इकडे आणा, नवी मुदत करू नका.

मग जुलै-ऑगस्टमध्ये वसुली आली की त्यातला ठरलेला हिस्सा, १० टक्के म्हणा, १२ म्हणा, कापडवाल्याला देण्याच्या आधी काढायचा. अक्कांच्या अम्मांचा फंड जसा हातात यायच्या आधी कापला जायचा, तसा. निम्मा दोघांच्या पीपीएफमध्ये. उरलेला म्युच्युअल फंडात किंवा एनपीएसमध्ये. फंडात टाकायचा तर महिन्याची एसआयपी तुमच्यासाठी नाही. एकरकमी लिक्विड फंडात (अल्पमुदतीचा, कमी जोखमीचा फंड) टाकून तिथून दरमहा थोडा थोडा इंडेक्स फंडात वळवायची सोय असते, तिला एसटीपी म्हणतात. तुमच्या चालू खात्याचा त्याच्याशी संबंध राहत नाही, हप्ता परत जायचा प्रश्न नाही.

पॉलिसी दूरच्यांचं ऐकून तडकाफडकी मोडू नका. किती वर्षं झाली ते बघा, सरेंडर केली (आत्ताच मोडली) तर किती आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली) तर मुदतीला किती, हे दोन्ही आकडे कचेरीतून लिहून घ्या. मग ठरवा. टर्म इन्शुरन्स आणि घरच्यांचा आरोग्य विमा मात्र आत्ता, तब्येत चांगली आहे तोवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीच्या वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही. जुन्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून साठीला घ्यायला जाऊ नका.

चाटी_गल्ली · शुक्रवार, सकाळी ७:००

आरोग्य विम्याला माझं अनुमोदन. सत्तरीनंतर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड सगळ्यांना मिळतं, उत्पन्न न बघता, २०२४ पासून. मला अजून तीन वर्षं आहेत. ६० ते ७० ही दहा वर्षं मात्र आपली आपल्यालाच काढावी लागतात, आणि गुडघे, साखर, डोळे सगळे त्याच दहा वर्षांत सुरू होतात.

प्लॉटबद्दल कुणी बोललं नाही. बाळ्याचा दीड गुंठा ठेवा, पण त्याला पेन्शन समजू नका. जमीन निम्मी विकून महिन्याचा किराणा भरता येत नाही. मुलीच्या लग्नाला किंवा शिक्षणाला लागली तर ती असू द्या, म्हणजे पीपीएफला कुणी हात लावणार नाही.

बे_सोलापूरकर · शुक्रवार, दुपारी १:३०

बरं आता माझं पण ऐका. आमच्या काकांचे आठ माग. जागेवर बसून म्हणायचे, 'एकेक माग म्हणजे एकेक पोरगा.' मागच्या उन्हाळ्यात बंद केले. घ्यायला कोणी माग चालवणारा आला नाही, भंगारवाला आला. घणानं तुकडे पाडले आणि काट्यावर किलोनं मोजून घेऊन गेला. काका वजनाच्या चिठ्ठीकडं बघत होते, आकडे बरोबर आहेत का म्हणून. हिशेबाला पक्के अजून.

भिशी मी सोडणार नाही ओ. पण उचलीतले निम्मे पीपीएफला टाकणार. बायकोला सांगून टाकलंय, म्हणजे आता सुटका नाही.

दूरचा_सोलापूरकर · शुक्रवार, दुपारी २:१०

काकांचं वाचून वाईट वाटलं. आणि हो, २५ हजारवाली पोस्ट मी मागे घेतो. माझे वडील पण मंगळवार पेठेत दुकान चालवायचे, घरी महिन्याचं बजेट असं कधी नव्हतंच; वसुलीचा दिवस असायचा.

गणवेशवाला · रविवार, सकाळी १०:४५

मंडळी, धन्यवाद. दोघं बसून ठरवलं ते असं. पतसंस्थेची ठेव मार्चमध्ये संपते, ती बँकेत ऑफ-सीझनसाठी. तिच्या आणि माझ्या नावे पोस्टात पीपीएफ. वसुलीतले १० टक्के तिच्या खात्यात आधी जमा करायचे आणि पुढे काय भरायचं ते तिने बघायचं. कारागिरांना ती एक रुपया जादा सोडत नाही, मला तरी कशाला सोडेल. एनपीएस की फंड, त्याचं अजून एकमत नाही. तिला शेअरबाजार नको आहे, मला थोडा हवा आहे. मरून स्कर्ट किलोवर नाही पण निम्म्यात तरी काढून टाकतो, कुणाला हवे असतील तर सांगा.

एक शंका: पीपीएफ एप्रिलच्या ५ तारखेच्या आत भरावं म्हणतात. माझ्याकडे एप्रिलमध्ये दमडी नसते, सगळं कापडात असतं. मग तोटा किती?

हिशेबनीस · रविवार, दुपारी ४:२०

दर महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. ५ एप्रिलच्या आत भरलं तर बारा महिन्यांचं मिळतं, ५ ऑगस्टच्या आत भरलं तर आठ महिन्यांचं. दीड लाखावर चार महिन्यांचा फरक साडेतीन हजार रुपये होतो. त्यासाठी एप्रिलमध्ये कुणाकडून उसने काढू नका. ऑगस्टमध्ये भरा, फक्त ५ तारीख चुकवू नका. ६ तारखेला भरलं तर तो महिना फुकट जातो. चेकनं भरणार असाल तर दोन-तीन दिवस आधीच टाका.

पूर्वभाग_अक्का · रविवार, संध्याकाळी ६:००

मरून स्कर्ट कुठल्या मापाचे आहेत? २६-२८ असतील तर आमच्या बचत गटातल्या बायका बघायला येतील.